घोरावडेश्वरचं दर्शन: पायथ्यापासून पिंडीपर्यंत

पुण्याहून जुन्या मुंबई महामार्गाने तळेगावकडे निघालं, की देहूरोड मागे पडल्यावर डाव्या हाताला एक डोंगर वर येतो. तोच घोरावडेश्वर. कुणी घोराडेश्वर म्हणतं, देहू-आळंदीकडची जुनी माणसं नुसतं ‘घोराडा’ म्हणतात आणि लेण्यांचे अभ्यासक त्याला शेलारवाडीची लेणी म्हणून ओळखतात. वाट विचारताना, नकाशात शोधताना ही चारही नावं लक्षात असू द्या, कारण एका नावाने नाही सापडलं तर दुसऱ्याने सापडतं.

डोंगराच्या कातळात इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत कोरलेली बौद्ध लेणी आहेत. त्यांतल्या मोठ्या लेण्यात आज महादेवाची पिंड आहे. विठ्ठल-रखुमाईचंही स्थान याच डोंगरावर आहे, कारण भंडारा, भामचंद्र आणि घोराडा हे तुकोबांच्या एकांताचे तीन डोंगर अशी देहूची परंपरा सांगते. भिक्खूंचा विहार, शंभूचं देऊळ आणि वारकऱ्यांचं ठिकाण, तिन्ही एकाच खडकात. पुण्याच्या इतक्या जवळ असा डोंगर दुसरा नाही.

चढ साध्या चालीने अर्ध्या ते पाऊण तासाचा आहे. तरीही इथे येणारे बरेच जण नको त्या वेळेला येतात, नको तेवढं सामान आणतात आणि बघायचं तेच न बघता उतरतात. यामागचं कारण एकच: लेण्याला ते बांधलेल्या देवळासारखं समजतात. बांधलेल्या देवळाला दारं-खिडक्या असतात, मोरी असते, वारा खेळायला जागा असते. लेणं म्हणजे एका अखंड दगडात आत-आत कोरत नेलेली पोकळी. तोंड एकच. पाणी, धूर, तेल, आवाज, माणसांचा श्वाससुद्धा, जे आत नेता ते आत साचतं. पुढचं सगळं सांगणं या एका गोष्टीवरून निघतं.

कधी जायचं

सगळ्यांत चांगला काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा पूर्वार्ध. हवा कोरडी, पायऱ्या कोरड्या आणि लेण्याचं छत पावसाळ्यानंतर पाझरून पाझरून मोकळं झालेलं. जानेवारीत पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. तेव्हा साडेसहाला पायथा गाठला तर उजाडता उजाडता वर पोहोचता. मे-जूनमध्ये सहाला उजाडतं, तेव्हा घरून साडेचारलाच निघायला हवं. उन्हाळ्यात साडेआठनंतर चढायला सुरुवात करू नका. उघडा कातळ एकदा तापला की खालून-वरून भाजून काढतो आणि लेण्यापाशी चपला काढल्यावर तळपायाला चटके बसतात ते वेगळंच.

पावसाळ्यात डोंगर हिरवागार असतो, म्हणून शनिवार-रविवारी झुंबड असते. पण दोन गोष्टी सांभाळा. पायऱ्यांवर आणि लेण्याच्या तोंडाशी शेवाळ धरतं. ते काळपट-हिरवं दिसतं आणि ओलं असताना तेलासारखं सरकतं. दुसरं, बेसॉल्टच्या खडकाला उभ्या-आडव्या भेगा असतात. वर पडलेलं पाणी त्यांतून झिरपत खाली येतं आणि पाऊस थांबल्यावरही कित्येक दिवस छतातून टपकत राहतं. त्यामुळे सप्टेंबरअखेरीस बाहेर लख्ख ऊन असलं तरी आत फरशी ओली असू शकते. ‘पाऊस थांबला, आता घसरायचं नाही’ हा हिशोब लेण्यात चालत नाही.

मे महिन्यात आणि जूनच्या सुरुवातीला दुपारनंतर वळीव येतो. तीननंतर ढग चढू लागले तर वर थांबू नका. माथा उघडा आहे आणि एकटं झाड हा वीज पडण्याचा आसरा आहे, विजेपासूनचा नव्हे. वर असतानाच गडगडाट सुरू झाला, तर माथ्यावरून खाली या, लेण्याच्या अगदी तोंडाशी उभं न राहता आत सरका आणि पाठ भिंतीला टेकवू नका.

वारांचं म्हणाल तर, शांतपणे बघायचं असेल तर मंगळवार ते शुक्रवार, सकाळी. सोमवारी दर्शनाची गर्दी, रविवारी व्यायामाची. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र यांचं गणितच निराळं, ते पुढे येतं.

कसं पोहोचायचं

पुण्यापासून अंतर साधारण तीस किलोमीटर. लोकल हा सगळ्यांत सोपा मार्ग. पुणे-लोणावळा लोकलमध्ये देहूरोडनंतर बेगडेवाडी, मग घोरावाडी, मग तळेगाव. पुणे स्टेशनहून पाऊण तासाच्या आसपास लागतो. बेगडेवाडी आणि घोरावाडी ही दोन्ही लहान स्टेशनं. एक्सप्रेस गाड्या तिथे थांबत नाहीत आणि बाहेर रिक्षांची रांगही नसते. चालणारी माणसं असाल तर यांतल्या एकावर उतरून ‘डोंगराच्या पायऱ्या कुठून’ एवढंच विचारा. बरोबर आजी-आजोबा असतील तर देहूरोडला उतरा, तिथून रिक्षा मिळते, आणि रिक्षावाल्याशी परतीचंही आधीच बोलून ठेवा.

मोबाईलवर तिकीट काढणार असाल तर स्टेशनात शिरण्याआधीच काढा. रुळांच्या अगदी जवळ गेल्यावर ते निघत नाही. जाऊन-येऊन तिकीट घेतलेलं बरं. आणि परतीची गाडी चढण्यापूर्वीच पाहून ठेवा. सकाळी गाड्या बऱ्या असतात, दुपारी विरळ होतात. अकराला उतरून गाडी चुकली की लहान फलाटावर उन्हात लांबलचक थांबणं नशिबी येतं, आणि दिवसाची खरी दमणूक चढात नव्हे, तिथे होते.

बसने यायचं तर निगडीला या आणि तळेगाव-वडगावकडे जाणारी पीएमपी बस पकडा. वाहकाला ‘घोरावडेश्वर पायथा’ सांगितलं की कळतं.

स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांची नेहमीची चूक किवळ्याला होते. तिथे द्रुतगती मार्ग सुरू होतो आणि नकाशा कधी कधी त्यावर चढायला सांगतो. चढू नका. दुचाकीला तिथे बंदीच आहे आणि चारचाकीलाही तळेगावपर्यंत बाहेर पडायला वाट नाही. डोंगर शेजारून निघून जातो. निगडी, देहूरोड, शेलारवाडी असा जुनाच महामार्ग धरा. सोमाटणे फाटा आला म्हणजे डोंगर मागे राहिला असं समजा. गाडी महामार्गाच्या कडेला तिरकी लावू नका. या रस्त्यावर ट्रक भरधाव असतात. मुलांना रस्त्याच्या बाजूच्या दारातून उतरवू नका आणि रस्ता ओलांडायचाच असेल तर दुभाजक जिथे तुटलेला आहे तिथूनच, सगळ्यांनी एकत्र.

पिशवीत काय असावं

पाणी: थंडीत माणशी एक लिटर, एप्रिल-मेमध्ये दोन. हे पिण्याचं, पूजेचं पाणी वेगळं. लेण्यांजवळ कातळात कोरलेली पाण्याची टाकी असतात, जुने शिलालेख त्यांना ‘पोढी’ म्हणतात. ती बघायची आहेत, त्यांतलं पाणी प्यायचं नाही, त्यात हातपाय धुवायचे नाहीत आणि नाणी टाकायची नाहीत.

पायात खाचदार रबरी तळव्याचे बूट किंवा मागे पट्टा असलेली सँडल. कोल्हापुरीचा तळ कातडी असतो, कातळावर सरकतो. अंगठ्याची रबरी चप्पल उतरताना बोटांतून निसटते. बूट ठेवायला एक कापडी पिशवी घ्या. दर्शनाच्या वेळी बूट तिच्यात घालून खांद्याला लावता येतात, दाराशी ढीग होत नाही.

हातात धरायची छोटी विजेरी हवीच. मोबाईलचा उजेड पसरट असतो, त्याने कोरीवकाम सपाट दिसतं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी काठी घ्यावी, चढायला नव्हे तर उतरायला. उतरताना प्रत्येक पायरीला सगळा भार एका गुडघ्यावर येतो.

पूजेचं सामान एका डब्यात मावेल एवढंच: धुतलेली बेलाची पानं, थोडी पांढरी फुलं, भस्म किंवा चंदन, अक्षता आणि झाकणाच्या बाटलीत पाव लिटर पाणी. एक रिकामी पिशवी कचऱ्यासाठी. खाणं कोरडं ठेवा, म्हणजे शेंगदाण्याचे लाडू, राजगिरा वडी, फार तर एखादं फळ. प्लास्टिकच्या पारदर्शक पिशवीतलं खाणं माकडांना लांबून कळतं आणि ती पिशवी हातातून ओढतात. तेव्हा खाणं बॅगेच्या आत. उघडं खाऊ नका आणि माकडांना देऊही नका, भूतदया म्हणूनसुद्धा नाही. दिलेल्या एका केळ्याची किंमत मागून येणारी लहान मुलं चुकवतात.

चढताना

पायथ्याकडून पायऱ्यांची वाट आहे. पायऱ्या सगळ्या एका मापाच्या नाहीत. काही बुटक्या, काही गुडघ्याला ताण देणाऱ्या उंच. पहिली दहा मिनिटं मुद्दाम हळू चाला. बोलता बोलता चढता आलं पाहिजे. वाक्य अर्धवट तुटायला लागलं की वेग जास्त झाला. थांबायचं तर उभ्याने अर्धा-एक मिनिट थांबा, दर वेळी बसलात तर पाय जड होतात. हृदयविकार, दमा, रक्तदाब यांवर औषध चालू असलेल्यांनी सकाळची गोळी घेऊन, थोडं खाऊन निघावं. ‘देवदर्शन उपाशीपोटी’ हा नेम चढाच्या दिवशी बाजूला ठेवला तर शंकर रागावत नाही.

मधल्या पायवाटा जवळच्या वाटतात, पण त्यांवर मुरमाची बारीक खडी असते. चढताना निभावतं, उतरताना त्याच खडीवर पाय सरकतो. शिवाय अशा आडवाटांनी माती सुटी होते आणि पावसात ती ओघळून जाते. या डोंगरावर झाडं लावणारी माणसं वर्षानुवर्षं आहेत. उन्हाळ्यात खांद्यावर कॅन वाहून नेऊन ती रोपांना पाणी घालतात. रोपांभोवतीची आळी तुडवू नका. वर जाताना जास्तीचं एक बाटलीभर पाणी नेऊन वाटेतल्या सुकलेल्या रोपाला घातलंत तर तोही अभिषेकच.

फेब्रुवारीपासून गवत वाळतं. विडी-सिगारेट, जळती काडी, अर्धवट विझलेली उदबत्ती, यांतल्या कशानेही वणवा लागतो आणि वाऱ्याबरोबर चढावर धावतो. वणव्याची आग उतारावर हळू आणि चढावर वेगात जाते, म्हणून आग खाली दिसली तर वर पळायचं नाही. जळून काळी झालेल्या किंवा गवत नसलेल्या कातळाच्या जागेकडे आडवं सरकायचं.

पावसाळ्यात कपारीत हात घालू नका, बसण्याआधी दगड बघा. मावळातल्या डोंगरांत घोणस आणि फुरसं दोन्ही असतात.

आत शिरल्यावर आधी बघा

उन्हातून आत गेल्याबरोबर काहीच दिसत नाही. लगेच विजेरी लावू नका. कडेला पाच मिनिटं उभे राहा, डोळे अंधाराला सरावू द्या. आधी भिंती दिसू लागतात, मग दोन्ही बाजूंना कोरलेल्या लहान खोल्यांची दारं, मग पिंड. या खोल्या भिक्खूंच्या राहण्याच्या. एका माणसाला पथारी टाकता येईल एवढ्याच. पावसाळ्याचे तीन महिने एका जागी काढायचे, हा त्यांचा वर्षावास. आपल्या चातुर्मासाशी जुळणारी कल्पना.

आता पिंडीच्या वर, छताकडे बघा. इथे येणाऱ्यांची नजर पिंडीवरच खिळते आणि हे निसटतं. मुळात या जागी स्तूप होता. तो कोरून काढला आणि तिथे शाळुंकेसह लिंग आलं. पण स्तूपाच्या डोक्यावरची छत्री छताच्याच दगडातून कोरलेली असल्याने छताला तशीच राहिली. खाली महादेव आणि वर बुद्धाच्या स्तूपाची छत्री. नंतरच्या लोकांना ती काढून टाकणं अवघड नव्हतं. ती राहिली आणि आज ती महादेवावर धरलेली दिसते.

भिंतीवर आडव्या-उभ्या कठड्यासारखी नक्षी दिसली तर ती वेदिकापट्टी. लाकडी कठडा दगडात उतरवलेला आहे. कार्ले, भाजे, बेडसे बघितलेल्यांना ती लगेच ओळखू येईल.

याच भेटीच्या आधी किंवा नंतर जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर बघून घ्या. दोन्हींतला फरक समोर ठेवला की लेणं वाचायला शिकता येतं. पाताळेश्वर आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट काळातलं आणि सुरुवातीपासूनच शिवाचं. त्यामुळे तिथे खांबांची ओळ, गाभारे, बाहेर अखंड दगडातला गोल नंदीमंडप, सगळं देवळाच्या हिशोबाने आखलेलं आहे. घोरावडेश्वरला आखणी विहाराची आहे, देव नंतर आले. म्हणून नंदी कुठे, प्रदक्षिणेची वाट कुठे, हे तिथे शोधावं लागतं.

कुणब्याच्या बायकोचं दान

इथल्या लेण्यांत ब्राह्मी लिपीतले, प्राकृत भाषेतले लेख आहेत. त्यांतला एक जरूर शोधा. धेनुकाकट इथे राहणाऱ्या उसभणक नावाच्या माणसाच्या बायकोने, सियगुतनिका हिने, मुलगा नंद याच्यासह हे लेणं दान दिलं, असं तो सांगतो. उसभणकाला लेखात ‘हलकिय’ म्हटलं आहे, म्हणजे नांगर धरणारा, आणि ‘कुडुबिक’. संस्कृतातला कुटुंबिक, प्राकृतातला कुडुबिक आणि आपल्याकडचा कुणबी, अशी या शब्दाची वाट सांगितली जाते. धेनुकाकट हे गाव कार्ल्याच्या लेखांतही पुन्हा पुन्हा येतं.

राजा नाही, अमात्य नाही, सार्थवाह नाही. नांगरधाऱ्याच्या घरातली बाई डोंगरात लेणं कोरवते आणि स्वतःचं नाव दगडावर लिहवून घेते. एका शेतकरी बाईचं इतकं जुनं, नावानिशी हयात असलेलं काम आपल्या हाताच्या अंतरावर आहे. त्यापुढे दोन मिनिटं थांबावं.

लेख वाचता आला नाही तरी दिसायला हवा, आणि तो दिसतो तिरप्या उजेडाने. विजेरी समोरून धरू नका. भिंतीला जवळजवळ चिकटवून, एका बाजूने उजेड सोडा. प्रत्येक अक्षराच्या खाचेत सावली पडते आणि सपाट वाटणारा दगड अक्षरांनी भरून येतो. मग उजेड दुसऱ्या बाजूने टाका, राहिलेल्या रेघा दिसतात. फोटोही तसाच काढा. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ, कुंकू, ओलं फडकं काहीही लावायचं नाही. खडूची भुकटी खाचेत बसते, ओलाव्याने घट्ट होते आणि पुढच्या वेळी कुणीतरी ती खरवडून काढतं. त्या खरवडीत अक्षराची कड जाते. बोट फिरवून वाचण्याचाही मोह आवरा.

पूजा: थोडी आणि नीट

बेल आदल्या दिवशी आणा. सोमवारी, तसंच चतुर्थी, अष्टमी, नवमी, चतुर्दशी आणि अमावास्येला बेल तोडत नाहीत. म्हणजे श्रावणी सोमवारचा बेल रविवारी आणि महाशिवरात्रीचा त्रयोदशीला किंवा त्याआधी. ओल्या सुती कापडात गुंडाळून ठेवला की टवटवीत राहतो. पान त्रिदळ, न किडलेलं, न फाटलेलं घ्यायचं. देठाच्या टोकाची जाड गाठ खुडून टाकायची. वाहताना पान पालथं, म्हणजे गुळगुळीत बाजू पिंडीला लागेल असं, देठ पिंडीकडे आणि टोक आपल्याकडे. घराण्यागणिक थोडा फरक असतो. घरची रीत असेल तर तीच ठेवा. अकरा पानं पुरेत. बेल शिळा होत नाही असं मानतात, म्हणून आणलेला नसेल तर आधी वाहिलेलंच पान धुऊन पुन्हा वाहता येतं. केवडा शंकराला वाहत नाहीत, तुळसही सहसा नाही.

पाणी घालताना तांब्या उंचावरून ओतू नका. बारीक, संथ धार धरा. ती शाळुंकेतून वाहून जायला वेळ मिळतो. आणलेलं पाव लिटर पाणी पूर्ण पूजेला पुरतं. दूध नेऊच नका असं कुणी म्हणणार नाही, पण नेलंत तर चमचा-दोन चमचे, पाण्यात मिसळून, आणि वरून साधं पाणी. दुधाचं काय होतं ते समजून घ्या. ते दगडाच्या खाचेत मुरतं, आत ऊन नाही, वारा नाही, म्हणून वाळत नाही. आंबतं, माश्या-मुंग्या येतात, फरशी बुळबुळीत होते आणि मागून आलेली म्हातारी माणसं त्यावर घसरतात. पंचामृतातल्या मध-साखरेचंही तेच. तूप आणि तेल तर दगडात शिरतं, त्यावर धूळ बसते आणि काळा राप तयार होतो. तो नंतर धुतल्याने जात नाही.

दिवा, उदबत्ती, कापूर आत पेटवू नका. पुजारी असतील तर त्यांच्या निरांजनाला नमस्कार करा. तेवढा एक उजेड पुरतो. घरटी एक उदबत्ती म्हटलं तरी गर्दीच्या दिवशी कोंदटपणा किती होतो हे आत उभं राहिल्याशिवाय कळत नाही, आणि काजळी सगळी त्या छत्रीवर जाऊन बसते.

शिवामूठ वाहणाऱ्या नव्या सवाष्णींसाठी: पहिल्या सोमवारी तांदूळ, दुसऱ्या तीळ, तिसऱ्या मूग, चौथ्या जव आणि पाचवा आला तर सातू. एक मूठ, तीही शाळुंकेवर न विखुरता ताम्हनात किंवा कापडावर. विखुरलेलं धान्य ओल्या जागेत मोड धरतं आणि उंदीर बोलावतं.

प्रदक्षिणा अर्धी, सोमसूत्री. नंदीच्या जागेपासून पिंड आपल्या उजव्या हाताला ठेवून निघायचं, पन्हळीपर्यंत यायचं, पन्हळ ओलांडायची नाही. तिथूनच फिरून उलट, पिंडीमागून पन्हळीच्या दुसऱ्या कडेपर्यंत जायचं आणि पुन्हा मूळ जागी. लेण्यात मागे फिरायला जागा नसेल किंवा माणसं दाटली असतील तर उभ्या जागी स्वतःभोवती फिरून नमस्कार करा, तो चालतो.

आणि आवाज. कातळाच्या पोकळीत घंटा आणि ओरडून दिलेली गर्जना घुमते, कानठळ्या बसतात, आतली वटवाघळं बिथरतात. तिथेच हळू आवाजात ‘नमः शिवाय’ म्हणून बघा. तो स्वर भिंतीवरून परत येतो आणि आपल्याच मागे कुणी म्हणत असल्यासारखा वाटतो.

महाशिवरात्र आणि श्रावणी सोमवार

माघ वद्य चतुर्दशीला इथे यात्रा भरते. रांग, खेळण्यांची दुकानं, प्रसाद, सगळं असतं, आणि ज्यांना यात्रा हवी त्यांनी त्या दिवशीच यावं. गाडी मात्र आणू नका, लोकलनेच या. पहाटे पाचच्या आत पायथा गाठा नाहीतर सरळ संध्याकाळचं ठेवा. सकाळी आठ ते दुपारी दोन ही सगळ्यांत वाईट वेळ, कारण तेव्हा चढणारे आणि उतरणारे एकाच वाटेवर समोरासमोर येतात. लहान मुलांच्या खिशात घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा आणि चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते पायथ्याशीच ठरवा. वर गर्दीत फोन लागेलच असं नाही. उपास असेल तर तो निर्जळी नसावा. लेण्यात माणसं दाटली की हवा कोंदते; कुणाला घेरी आली तर त्याला आतच झोपवू नका, तोंडाकडे, वाऱ्यावर आणा, पाय जरा उंच करा, मग पाणी.

लेणी नीट बघायची असतील तर मात्र हा दिवस सोडा आणि दोन आठवडे आधी किंवा नंतर या.

मोहोळ दिसलं तर

उंच कातळाला आग्या मोहोळ लागतं. काळपट, अर्धवर्तुळाकार पडदा लटकल्यासारखा दिसतो. त्याच्या आसपास धूर, फटाका, दगड, ढोल, उग्र अत्तर, काहीही नको. माशा उठल्याच तर हात झटकत नाचू नका, त्याने त्या आणखी चवताळतात. ओढणी किंवा शर्ट डोक्यावर घ्या, तोंड झाका आणि वाटेने खाली, शक्य तितकं दूर जा. कड्याच्या बाजूला नाही. नांगी कातडीत राहिली असेल तर नखाने किंवा कार्डाच्या कडेने पटकन काढून टाका. उपाय शोधत बसण्यापेक्षा ती लवकर निघणं महत्त्वाचं. ओठ-घसा सुजला, धाप लागली किंवा अंगभर गांधी उठल्या तर वाट न बघता १०८ ला फोन करा.

माथा आणि परत

लेण्यांच्या वर माथ्याकडे पायवाट जाते. वरून एका अंगाला पवनेचं खोरं आणि गहुंज्याचं क्रिकेट मैदान, दुसऱ्या अंगाला इंद्रायणीकाठचा देहूचा परिसर आणि पलीकडे भंडाऱ्याचा डोंगर. तुकोबांच्या पायाखालचा हा सगळा मुलूख एका नजरेत येतो. ड्रोन उडवू नका. आसपास लष्कराची हद्द आहे.

उतरताना घाई होते, आणि पाय मुरगळतात ते उतरतानाच. उंच पायऱ्यांवर पाऊल तिरकं टाका, काठी आधी खाली टेकवा, मग पाय. सगळं धरून पायथ्यापासून पायथ्यापर्यंत तीन तास हाताशी ठेवा: चढ पाऊण तास, लेणी आणि दर्शन दीड तास, उतरायला अर्धा आणि उरलेला वेळ दम खाण्यासाठी.

आपण वाहिलेलं निर्माल्य वर ठेवण्याची सोय नसेल तर पिशवीतून खाली आणा. टाक्यात, नदीत, पायरीकडेला नको. घरी कुंडीतल्या मातीत पुरलं की बेलाची पानं महिना-दोन महिन्यांत विरघळतात. बेलाचं झाड लावायची जागा असेल तर पिकलेल्या बेलफळातलं बी धुऊन, सावलीत वाळवून, पावसाच्या तोंडावर पेरा. पुढच्या काही श्रावणांनी पानं विकत घ्यावी लागणार नाहीत.

रिकाम्या बाटल्या मोजून घ्या. जेवढ्या वर नेल्या तेवढ्या खाली आल्या का ते पायथ्याशीच बघा, मग स्टेशनची वाट धरा.